वीर्यतपासणीत ‘निल’ आले, तरी आधी अडथळा शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल होत नाही म्हणून जोडपे दवाखान्यात गेले की आपल्याकडे अजूनही आधी बाईच्याच तपासण्या सुरू होतात. सोनोग्राफी, हार्मोन्स, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी दुर्बीणसुद्धा. नवऱ्याची वीर्यतपासणी महिनोन्‌महिने राहून जाते. शेवटी ती होते तेव्हा कागदावर एकच शब्द येतो, ‘निल’, म्हणजे वीर्यात शुक्राणूच नाहीत. मग कोणी ताकदीच्या गोळ्या सुरू करतो, कोणी दात्याच्या वीर्याचा विषय काढतो, कोणी सरळ टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च सांगतो. या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे आणि तो फार वेळा विचारला जात नाही, म्हणून हे पत्र. शुक्राणू तयारच होत नाहीत, की तयार होऊन वाटेत अडकले आहेत?

वीर्यात एकही शुक्राणू नसणे ही अवस्था साधारण शंभरातल्या एका पुरुषात असते. वंध्यत्वासाठी तपासणीला येणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाते. यांपैकी सुमारे ४० टक्के पुरुषांच्या वृषणात शुक्राणू व्यवस्थित बनत असतात. बाहेर येण्याची वाट तेवढी बंद असते. या पुरुषांचा पुरुषी हार्मोन नेहमीसारखा असतो, कारण तो नळीतून नव्हे तर थेट रक्तातून शरीरात जातो. दाढी-मिशा, कामेच्छा, ताठरता, वीर्यस्खलन यांत बहुतेकांना काहीच वेगळे जाणवत नाही. ‘मर्दानगीत कमी’ असा जो शिक्का घरचे-दारचे मारतात, त्याला शरीरशास्त्रात आधार नाही, हे नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांनाही समोर बसवून सांगायला हवे.

वाट कशी आहे ते आधी पाहू. वृषणात बनलेले शुक्राणू त्याच्या पाठीला चिकटलेल्या अधिवृषणात उतरतात. अधिवृषण म्हणजे एकच बारीक नळी, सरळ केली तर सुमारे ६ मीटर भरेल, पण वेटोळी घालून बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत बसवलेली. तिथून निघते ती शुक्रवाहिनी, म्हणजे नसबंदीत कापतात ती नस. ती जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाच्या मागून वळते, तिथे शुक्राशयाची नळी तिला येऊन मिळते. दोघींची मिळून झालेली स्खलननलिका प्रोस्टेटमधून मूत्रमार्गात उघडते. वीर्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शुक्राशयाचा, उरलेला बहुतांशी प्रोस्टेटचा. वृषण आणि अधिवृषणाकडून येणारा भाग ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच नसबंदीनंतर वीर्य कमी झाल्याचे कुणाला जाणवत नाही, आणि म्हणूनच वीर्य किती आले यावरून अडथळा वर आहे की खाली, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

शुक्राशयाचा स्राव अल्कधर्मी असतो, त्यात फ्रुक्टोज ही साखर असते आणि वीर्य गोठवणारी प्रथिनेही त्यातच असतात. प्रोस्टेटचा स्राव किंचित आम्ल. आता समजा, स्खलननलिका बंद आहे किंवा शुक्राशयच जन्मतः नाही. मग बाहेर येतो तो फक्त प्रोस्टेटचा स्राव. तो मिलिलिटरभर किंवा त्याहूनही कमी, पाण्यासारखा पातळ, न गोठणारा, पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचे माप) ७.२च्या खाली आणि फ्रुक्टोज शून्य. याउलट अडथळा अधिवृषणात किंवा जांघेतल्या नसेत असेल तर वीर्य २-३ मिलिलिटर, पीएच नेहमीचा, फ्रुक्टोज हजर आणि शुक्राणू तेवढे नाहीत. काही शे रुपयांच्या एका तपासणीत एवढे सगळे कळू शकते. अट एकच, तपासणी नीट झालेली असावी.

ती कुठे बिघडते, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. नमुना २ ते ७ दिवसांच्या संयमानंतरचा हवा. तो रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत घ्यायचा, साध्या निरोधमध्ये नाही आणि साबण किंवा तेल लावूनही नाही. स्खलनाच्या पहिल्याच भागात शुक्राणूंचा मोठा वाटा असतो. तो डबीबाहेर पडला तर अहवाल चुकतो, म्हणून ‘सगळे डबीत आले का’ हे रुग्णाला विचारून कागदावर लिहिले पाहिजे. नमुना घरून आणायचा तर खिशात, अंगाच्या उबेत, तासाच्या आत पोचावा. पीएच अर्ध्या तासानंतर, पण तासाच्या आत पाहायचा. डबी टेबलावर तशीच पडून राहिली तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वर चढतो आणि आम्ल नमुना ‘नॉर्मल’ दिसू लागतो.

शुक्राणू नाहीत असे सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहून कधीही लिहू नये. सगळा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी इतक्या जोराने १५ मिनिटे फिरवायचा आणि तळाशी बसलेला साका काचेवर घेऊन शोधायचा. ‘जी’ म्हणजे नमुन्यावर पडणारा जोर, ‘आरपीएम’ म्हणजे मिनिटाला फेऱ्या; या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान प्रयोगशाळांतले यंत्र १५०० आरपीएमवर फिरवून केलेली तपासणी इथे पुरेशी धरता येत नाही. साक्यात चार-पाच जरी शुक्राणू सापडले तरी सारे चित्र बदलते. ते गोठवून ठेवता येतात आणि पुढची एखादी शस्त्रक्रिया टळू शकते. साक्यात शुक्राणू नाहीत, पण त्यांच्या आधीच्या अवस्थेतल्या गोल पेशी दिसल्या, तर वाट निदान एका बाजूने उघडी आहे आणि दोष उत्पादनात आहे, असा संशय घ्यावा. असे निदान २ वेगवेगळ्या नमुन्यांवर, काही आठवड्यांच्या अंतराने, पक्के करायचे.

फ्रुक्टोजची तपासणी तर कुठल्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत होण्याजोगी आहे. हायड्रोक्लोरिक आम्लातला रिसॉर्सिनॉल वीर्यात घालून उकळायचा. मिनिटभरात नारिंगी-लाल रंग आला तर फ्रुक्टोज आहे. परीक्षानळी फिकी राहिली तर नाही. एवढ्या स्वस्त कसोटीचा रकाना बहुतेक अहवालांत रिकामा असतो, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

वीर्य कमी येण्याचे एक कारण मात्र आधी बाजूला काढावे. मधुमेहात, पाठीच्या कण्याच्या इजेत, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी वीर्य पुढे न येता मागे मूत्राशयात जाते. अशा वेळी स्खलनानंतर लगेच लघवी करून ती तपासायची. लघवीत शुक्राणू सापडले तर अडथळा नाही, दिशा चुकली आहे, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

यानंतर हाताची तपासणी. रुग्ण उभा, खोली उबदार. थंडीत किंवा घाबरल्यामुळे अंडकोष आकसला की काहीच नीट हाताला लागत नाही. अंगठा आणि तर्जनीत अंडकोषाच्या वरच्या भागात नस पकडून पाहायची. ती भरीव, ताणलेल्या जाड सुतळीसारखी बोटांतून घरंगळते. एकदा हाताला ओळख झाली की रक्तवाहिन्यांशी तिची गल्लत होत नाही. दोन्ही बाजूंना ती हाताला लागलीच नाही तर निदान तिथेच झाले: जन्मतः शुक्रवाहिनी नाही. त्यासाठी सोनोग्राफीची वाट पाहायची गरज नसते. उलट, सोनोग्राफीच्या अहवालात अंडकोष ‘नॉर्मल’ आणि नस मात्र गायब, असे सर्रास घडते, कारण नस शोधायला कुणी सांगितलेले नसते. वृषणांचा आकार, अधिवृषण फुगून टणक झाले आहे का, नसेवर गाठी आहेत का, जांघेत जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का, हेही याच पाच मिनिटांत कळते. बालपणीच्या हर्नियाचा व्रण मोठेपणी केसांत लपतो. रुग्णाला ते ऑपरेशन आठवतही नसते, म्हणून त्याच्या आईला विचारावे.

रक्ततपासणीत एफएसएच हा, वृषणाला शुक्राणू बनवायला लावणारा हार्मोन सर्वांत उपयोगी. वृषण भरलेले, लांबी ४.६ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि एफएसएच ७.६पेक्षा कमी असेल, तर अडथळ्याची शक्यता ९६ टक्के, असा अभ्यास आहे. वृषण लहान आणि एफएसएच चढलेला असेल तर दोष बहुधा उत्पादनाचा. मधे एक फसवी जागा आहे. काही पुरुषांत शुक्राणू अर्ध्या वाटेवर बनायचे थांबतात. त्यांचा एफएसएच आणि वृषणाचा आकार दोन्ही नॉर्मल असतात आणि अडथळा नसताना अडथळा वाटतो. तिथे वृषणाचा तुकडा तपासण्याला अर्थ आहे. तो तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकू नये, पेशी आक्रसून वाचता येत नाहीत. त्यासाठी बुआँचे द्रावण वापरतात. आणि तुकडा काढायचाच असेल तर त्याच वेळी त्यातले शुक्राणू शोधून गोठवण्याची सोय असावी. एका माणसाच्या वृषणाला दोनदा चिरा देण्याचे कारण नाही.

आता अडथळे येतात कुठून, यावर थोडे. यात आपल्या भागाचे म्हणून काही आहे.

हर्निया आणि हायड्रोसील (वृषणाभोवतीच्या पिशवीत पाणी साचणे) यांच्या शस्त्रक्रिया हे टाळता येण्याजोगे कारण आहे. तान्ह्या बाळाची नस दोऱ्याएवढी बारीक असते. हर्नियाची पिशवी सोडवताना ती चिमट्यात जोरात धरली गेली, तरी पुढे तिथे व्रण धरून ती बंद होऊ शकते, आणि हे कळते पंचवीस वर्षांनी. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोगामुळे हायड्रोसीलच्या शस्त्रक्रिया फार होतात. जुन्या, मोठ्या हायड्रोसीलमध्ये अधिवृषण पिशवीच्या कडेला पापडासारखे पसरलेले असते. जादा पिशवी कापताना ते पिशवीचाच भाग समजून कापले किंवा टाक्यात घेतले जाण्याचा धोका खरा आहे. ज्यांना अजून मूल व्हायचे आहे अशा तरुणांची दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी एकदा वीर्यतपासणी करून ठेवावी, आणि पिशवी कापण्याआधी अधिवृषणाची कड डोळ्यांनी पाहून घ्यावी.

क्षयरोग हे आपल्याकडचे दुसरे मोठे कारण. तो फुप्फुसापुरता नसतो. मूत्रपिंडातून किंवा रक्तातून तो प्रोस्टेट, शुक्राशय, अधिवृषण इथपर्यंत पोचतो. नस मण्यांच्या माळेसारखी लागते, अधिवृषण खडबडीत टणक होते, कधी अंडकोषाच्या मागच्या बाजूला वाहणारी जखम होते. लघवीत पू-पेशी असतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. तिथे पहाटेच्या लघवीचे नमुने आणि क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी मागावी. सरकारी केंद्रांत क्षयाची औषधे मोफत मिळतात: २ महिने चार औषधे, पुढे ४ महिने तीन. पण एक गोष्ट रुग्णाला आधीच सांगायला हवी. क्षय बरा होतो तो व्रण धरून, आणि त्या व्रणाने उघडी असलेली वाटही बंद होऊ शकते. वीर्यात शुक्राणू असतील तर उपचार सुरू करतानाच ते गोठवून ठेवावेत. क्षयाने अनेक ठिकाणी बंद झालेली नस जोडून फारसा उपयोग होत नाही.

देवीचा रोग गेला तसे त्याने येणारे अडथळेही गेले. पण देवी आलेल्या पुरुषांत अधिवृषण बंद पडते हे जगापुढे मांडणारे एक संशोधन मुंबईतूनच १९७३मध्ये प्रसिद्ध झाले होते. नसबंदी झालेली नस पुन्हा जोडण्याचे अनुभवही मुंबईच्या डॉ. जी. एम. फडके यांनी १९६७मध्येच आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. या विषयाची इतकी जुनी परंपरा ज्या शहरात आहे, त्या राज्यात रुग्णाला ‘यावर काही होत नाही’ असे ऐकावे लागू नये.

जन्मतः नस नसणे हा प्रकार वेगळा हाताळावा लागतो. त्यामागे बहुतेकदा सीएफटीआर या जनुकातला बदल असतो. याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आणि पचनाचा गंभीर आजार होतो. म्हणून अशा पुरुषाचे शुक्राणू सुईने काढून गर्भधारणा करण्यापूर्वी बायकोचीही ही जनुकतपासणी झालीच पाहिजे. नवरा आणि बायको दोघेही वाहक निघाले, तर बाळाला आजार होण्याची शक्यता प्रत्येक गर्भारपणात निदान २५ टक्के. युरोपीय लोकांत आढळणारे ठरावीक बदलच शोधणाऱ्या छोट्या तपासणीतून आपल्याकडचे बदल निसटतात; पूर्ण जनुकाचे वाचन आणि त्यात ‘५टी’ हा बदल पाहिला आहे ना, हे विचारून घ्यावे. नस एकाच बाजूला नसेल तर पोटाची सोनोग्राफी करावी, कारण त्या बाजूचे मूत्रपिंडही नसण्याची शक्यता असते. एकच मूत्रपिंड आहे हे त्या माणसाला आयुष्यभर माहीत असायला हवे.

बाकी गनोरिया, क्लॅमिडियासारखे लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग असतात (उपचार नवरा-बायको दोघांनीही एकाच वेळी घ्यायचे), सायनस-फुप्फुसाच्या जुनाट त्रासासोबत येणारा अधिवृषणाचा अडथळा असतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही.

आमचा सर्वांत मोठा आग्रह पुढच्या मुद्द्याबद्दल आहे. अडथळा अधिवृषणात आहे असे दिसले की अनेक ठिकाणी लगेच सुई घालून शुक्राणू ‘आहेत का बघू’ म्हणून ओढले जातात. अधिवृषणाची ती नळी ०.२ मिलिमीटरच्या आसपास जाडीची. सुई ज्या वेटोळ्यांतून जाते तिथे रक्त साकळते, व्रण धरतो आणि जोडणीसाठी जी जागा वापरता आली असती, ती हातची जाते. नसेत रंग घालून एक्स-रे काढण्याचेही तसेच: तो फक्त जोडणीच्या टेबलावर, जोडणी करणाऱ्याने काढावा. नुसत्या निदानासाठी आधी काढला तर नसेवर नवा व्रण होतो. सुई घालण्यापूर्वी रुग्णाने आणि त्याच्या बायकोने स्पष्ट विचारावे: ‘हा अडथळा जोडून दूर होण्यासारखा आहे का, आणि ते करणाऱ्या डॉक्टरांनी तपासले आहे का?’

जोडणी म्हणजे नेमके काय, तेही वाचकांना कळावे. नसेची बाहेरची जाडी २ ते ३ मिलिमीटर. आतले भोक मात्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. म्हणून हे काम ऑपरेटिंग मायक्रोस्कोपखाली, १० ते २५ पट मोठे करून करतात. नसबंदीची गाठ कापून काढली की वृषणाकडच्या टोकातून द्रव येतो. तो काचेवर घेऊन लगेच पाहायचा. पाण्यासारखा निवळ असेल, त्यात शुक्राणू असतील, तर नस नसेला जोडायची. घट्ट टूथपेस्टसारखा येत असेल आणि शुक्राणू नसतील, तर मागे अधिवृषणातही अडथळा झालेला असतो. नसबंदीनंतर वर्षानुवर्षे दाब साचून ती बारीक नळी कुठे तरी फुटते आणि तिथे व्रण धरतो. अशा वेळी नुसती नस जोडून टाके घातले तर ऑपरेशन दिसायला सुबक होते आणि शुक्राणू कधीच येत नाहीत. तिथे नस थेट अधिवृषणाच्या फुगलेल्या वेटोळ्याला जोडावी लागते, आणि ते करता येण्याची तयारी नसेल तर शस्त्रक्रिया सुरूच करू नये. पोटाकडच्या टोकात सलाइन सोडून ते सहज आत जाते याची खात्री आधीच करायची. आतल्या पदराला टेन-झिरो नायलॉनचे पाच-सहा टाके, बाहेरच्या स्नायूला नाइन-झिरोचे. टेन-झिरो धागा केसाहून कितीतरी बारीक असतो. जोड ताणाखाली असला किंवा नस उघडी करताना तिची रक्तवाहिनी सोलवटली गेली, की जोड आतून बंद होतो. बहुतेक अपयशांचे मूळ या दोन गोष्टींत असते.

नसबंदी उलटवण्याचे यश किती वर्षे झाली त्यावर ठरते. अमेरिकेत १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत ३ वर्षांच्या आत जोडलेल्यांपैकी ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू आले आणि ७६ टक्के जोडप्यांना गर्भधारणा झाली. १५ वर्षे उलटून गेलेल्यांत हेच आकडे ७१ आणि ३० होते. अधिवृषणाच्या जोडणीचे यश याहून कमी. चांगल्या हातांतही शुक्राणू निम्म्या ते तीन-चतुर्थांश रुग्णांत येतात, आणि ते यायला कधी ६ महिने, कधी वर्ष लागते. जांघेत हर्नियाच्या वेळी कापलेल्या नसेत टोके लांब गेलेली असतात, ती जोडणे सर्वांत कठीण. पण एका बाजूचे वृषण चांगले आणि त्याच बाजूची नस खराब, दुसऱ्या बाजूला नेमके उलट, असे असेल तर अंडकोषातला मधला पडदा ओलांडून चांगले वृषण चांगल्या नसेला जोडता येते.

शस्त्रक्रियेनंतर अंडकोषाला आधार देणारा लंगोट ४ आठवडे, तेवढेच दिवस संबंध नाही, जड उचलणे दीड महिना बंद. शेतात, गोदामात, हमालीत काम करणाऱ्यांनी हे आधीच ठरवून सुट्टी काढावी. पहिली वीर्यतपासणी दीड महिन्याने, पुढे दर २-३ महिन्यांनी. शुक्राणू दिसले की त्यातला एखादा नमुना गोठवून ठेवणे शहाणपणाचे, विशेषतः अधिवृषणाच्या जोडणीत; काही जोड महिन्यांनंतर पुन्हा बंद होतात.

स्खलननलिकेच्या अडथळ्याला निदानासाठी गुदमार्गातून सोनोग्राफी करतात. शुक्राशय १५ मिलिमीटरहून रुंद फुगलेले, मधोमध पाण्याची गाठ, नलिकेत खडे, असे काही दिसते. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून नलिकेचे तोंड छाटतात. मधली गाठ असेल तर निकाल चांगला. सुजेने किंवा खड्यांनी बंद झालेली असेल तर तितका नाही. छाटताना जाळणारा करंट बेताने वापरावा लागतो, नाही तर नवे तोंड त्याच व्रणाने मिटते. लघवी उलटी नळीत शिरून अधिवृषणाची सूज येणे हा याचा नेहमीचा त्रास, आणि तो रुग्णाला आधी सांगितलेला असावा.

जोडणी सर्वांसाठी नाही, हेही तितकेच खरे. नसच नसेल, क्षयाने सगळी वाट बंद असेल, किंवा बायकोचे वय ३७-३८च्या पुढे असून अंडी कमी उरली असतील, तर वर्षभर वाट पाहणे परवडणारे नसते. तिथे अधिवृषणातून किंवा वृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सी करावी. यात एकेक शुक्राणू एकेका अंड्यात टोचतात. १९९२मध्ये ब्रुसेल्सहून आलेल्या या तंत्राने हे शक्य केले. अडथळ्याच्या रुग्णात ९० टक्क्यांहून जास्त वेळा शुक्राणू मिळतात, म्हणजे दात्याच्या वीर्याची गरज क्वचितच पडावी. बंद अधिवृषणात एक उलटी गोष्ट असते: अधिवृषणाच्या शेपटीकडचे शुक्राणू जुने, मेलेले; त्याच्या डोक्याकडचे, म्हणजे वृषणाजवळचे, ताजे आणि हलणारे. सुई घालताना हे लक्षात ठेवले तर मिळकत वाढते. मात्र या मार्गात दोष नवऱ्याच्या नळीत असूनही १०-१२ दिवस इंजेक्शने आणि अंडी काढण्याची भूल बायकोच्या वाट्याला येते. जोडणीने नैसर्गिक गर्भधारणा होण्याची चांगली शक्यता असलेल्या तरुण जोडप्यापुढे दोन्ही मार्ग त्यांच्या खर्चासह ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे क्लिनिक नोंदणीकृत हवे, प्रत्येक टप्प्याला दोघांची लेखी संमती हवी, आणि दात्याचे वीर्य फक्त नोंदणीकृत बँकेतूनच घेता येते. संमतीपत्र मराठीत मागावे आणि दात्याचा रकाना वाचल्याशिवाय सही करू नये.

औषधांबद्दल थोडक्यात. बंद नळी कुठल्याही गोळीने, चूर्णाने किंवा व्हिटॅमिनने उघडत नाही. आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर वृषणातले चालू असलेले उत्पादनही थांबवतात. ‘निल’ आलेल्या पुरुषाला ती देणे घातक आहे.

आमची मागणी छोटी आहे. राज्यातल्या सरकारी आणि खासगी प्रयोगशाळांनी वीर्यतपासणीच्या छापील अहवालात काही रकाने सक्तीचे करावेत: किती दिवसांचा संयम, नमुना पूर्ण मिळाला का, आकारमान, किती मिनिटांनी पाहिलेला पीएच, ‘निल’ असल्यास नमुना किती जीवर किती मिनिटे फिरवला, आणि आकारमान दीड मिलिलिटरहून कमी असेल तर फ्रुक्टोज. जिल्हा रुग्णालयांतल्या शल्यचिकित्सकांनी हर्निया आणि हायड्रोसीलच्या डिस्चार्ज कार्डावर नस आणि अधिवृषण डोळ्यांनी पाहिल्याची एक ओळ लिहावी. ते कार्ड आई-वडिलांनी जन्मदाखल्याबरोबर जपून ठेवावे, कारण ते मागायची वेळ मुलगा तिशीला आल्यावर येते.

आपले,
पुरुष-वंध्यत्वावर काम करणारे दोन मूत्रशल्यचिकित्सक व एक प्रयोगशाळातज्ज्ञ, पुणे